खाडीवर गरवायला बसताना डासांचा हिशेब

राजापूरच्या खाडीत मी पोरवयापासून गरवतोय, म्हणजे गरीने मासे धरतोय. नोकरी मात्र सूक्ष्मदर्शकाची. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षं रक्ताच्या स्लायडी वाचल्या. मलेरियाचे जंतू दिसावेत म्हणून जेएसबी नावाच्या रंगात बुडवायच्या, वाळवायच्या, तेलाचा थेंब टाकून जाड थेंबाची शंभर क्षेत्रं बघायची आणि एकातही काही दिसलं नाही तरच ‘निगेटिव्ह’ लिहायचं. संध्याकाळी कुलूप लावलं की काठी, तंगूस आणि कोळंबीचा डबा घेऊन जेटीवर. त्यामुळे गरवणाऱ्याला डास कुठे गाठतो आणि पुढे त्याच्या रक्तात काय दिसतं, हे दोन्ही मी जवळून पाहिलंय.

गावात लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. कुठलं औषध, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मात्र कुठे बसायचं, किती वाजता, अंगावर काय घालायचं, आणि ताप आलाच तर दिवस कसे मोजायचे, हे मी सांगू शकतो. तेवढंच इथे सांगतोय.

आधी एक समज दूर करूया. जिथे डास जास्त तिथे आजार जास्त, असं जवळजवळ प्रत्येक गरवणारा धरून चालतो. खाडीकाठच्या चिपीच्या झाडीत शिरलं की दहा मिनिटांत हातापायांवर गांधी उठतात आणि माणूस घाबरून जेटीवर पळतो. जेटीवर दोन-तीनच डास चावतात, म्हणून तो निर्धास्त. माझा अनुभव आणि शास्त्र, दोन्ही उलटं सांगतात. आपल्याकडच्या मलेरियाचा जंतू डासाला माणसाकडून मिळतो. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा विषाणूही वस्तीत माणसाकडून डासात आणि डासाकडून माणसात असाच फिरतो. मादी डास आधी आजारी माणसाला चावली पाहिजे, मग तिच्या अंगात जंतू तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे गेले पाहिजेत, तेवढे दिवस ती जगली पाहिजे आणि त्यानंतर तुम्हाला चावली पाहिजे. जिथे मैलभर माणूस नाही अशा कातळावर शंभर डास चावले तर खाज भरपूर येईल, धोका त्या मानाने कमी. आणि जिथे होड्यांवर खलाशी झोपतात, शेजारी बांधकामाच्या झोपड्या आहेत, दहा जण रांगेने गरी टाकून बसलेत, तिथे चावलेला एकच डास महागात पडू शकतो.

म्हणून जागा निवडताना मी पहिल्यांदा आजूबाजूची माणसं बघतो. गेल्या पंधरा दिवसांत वाडीत कुणाला तापाने घेरलंय का, हे जेटीवरच्या चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं. तीन घरांत ताप असेल तर मी त्या आठवड्यात दुसरीकडे बसतो. खाडी मोठी आहे.

या नियमाला एक अपवाद आहे, तो लक्षात ठेवा. जपानी मेंदूज्वर माणसाकडून पसरत नाही. तो विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो, आणि भातखाचरात होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. गोव्यात आणि विदर्भात याचे रुग्ण सापडलेले आहेत. भातशेतीच्या बांधाला लागून असलेल्या तळ्यावर, जवळ डुकरं असतील आणि झाडावर बगळ्यांची वस्ती असेल, तर दिवस मावळल्यावर तिथे बसू नये.

आता वेळ. मासा लागायची वेळ आणि डास चावायची वेळ एकच असते, ही गरवणाऱ्याची खरी अडचण. तांबोशी काय, जिताडा काय, उजाडताना आणि तिन्हीसांजेलाच चांगला लागतो. डासांचंही तसंच, पण प्रत्येक जातीचं घड्याळ वेगळं. अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर, सावलीत तर दिवसभर. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका हे त्याचे. (राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, तेव्हा झिका फक्त परदेशात असं कुणी समजू नये.) मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस तिन्हीसांज ते पहाट. बसताना तो डोकं खाली आणि मागचा भाग वर करून, भिंतीत तिरका ठोकलेल्या खिळ्यासारखा बसतो. क्युलेक्स अंग भिंतीला समांतर ठेवून बसतो आणि रात्रभर चावतो, हत्तीरोग त्याचा. हत्तीरोगाचे जंतू रात्रीच रक्तात वर येतात म्हणून आम्ही रात्री आठनंतर बत्ती घेऊन वाड्यांत रक्त घ्यायला जायचो. झोपेतून उठवलेली माणसं कुरकुरायची, पण बोट पुढे करायची. एका चाव्याने हत्तीरोग होत नाही, महिनोन्महिने शेकडो चावे लागतात, म्हणून अधूनमधून गरवणाऱ्याने त्याची फार चिंता करू नये. रोज रात्री तिथेच झोपणाऱ्याने करावी.

म्हणजे संध्याकाळी चारला गरी टाकून रात्री नऊला उठणारा माणूस दोन्ही पाळ्यांत सापडतो. सूर्य असताना एडिस, मावळल्यावर अ‍ॅनोफिलिस. ‘अंधार पडला की मलम लावतो’ म्हणणाऱ्यांनी अर्धीच काळजी घेतलेली असते. मलम गरी पाण्यात टाकायच्या आधी.

वारा हा आपला सगळ्यात मोठा मित्र. डास दुबळा उडतो, वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही. संध्याकाळी समुद्राकडून खारा वारा वाहत असतो तोवर जेटीच्या टोकावर डास जवळजवळ नसतोच. मग तो वारा पडतो, आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटेपर्यंत मध्ये एक निवांत वेळ येते. पाणी काचेसारखं होतं, मासा हलायला लागतो, आणि त्याच वेळी डास येतात. गरवण्याच्या नोंदींच्या माझ्या वहीत जास्तीत जास्त चावे याच वेळेचे आहेत. म्हणून खारा वारा मंद होऊ लागला की मी बाह्या खाली घेतो, मलमाचा दुसरा हात देतो, मोजे चढवतो. मतलई सुटली की पुन्हा मोकळं वाटतं. बसायची जागाही तशीच निवडायची: झाडीत शिरलेल्या कोपऱ्यापेक्षा उघड्यावरचं टोक, तिवरांच्या सावलीपेक्षा कातळ. मासा कोपऱ्यात असेल तर टोकावरून गरी लांब फेकता येते, त्यासाठी कोपऱ्यात जाऊन बसायची गरज नाही.

पाण्याबद्दल थोडं. वाहतं पाणी आणि भरती-ओहोटीने रोज धुऊन निघणारी खाडी डासाच्या अंड्यांना मानवत नाही. खाडीच्या काठावर उधाणाचं पाणी चढून भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत मागे अडकतं ते खड्डे, पावसानंतर ओढ्याची धार तुटून कातळात उरलेल्या कोंडी, भातखाचरं, विहिरी, ही त्यांची घरं. ऑक्टोबरात नदीच्या वरच्या अंगाला कोंडीवर गरवायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि जेटीवरचे डास बहुतेक जेटीवरच जन्मलेले असतात, कारण एडिस काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. होडी घासली जाऊ नये म्हणून जेटीला जुने टायर टांगलेले असतात. त्यांच्या आत पावसाचं पाणी साचतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसतही नाही. वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या तळाशी, पालथ्या न घातलेल्या बादल्यांत, फुटक्या थर्माकोलच्या खोक्यांत, करवंट्यांत तेच. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आम्ही पाच-सहा जण दर रविवारी पहिली गरी टाकायच्या आधी अर्धा तास हेच करतो. टायरांना खालून भोक पाडलंय, एकदाच पाडलं की झालं. होड्यांतलं पाणी उपसतो, बादल्या पालथ्या घालतो. आमिषाची बादली नुसती ओतून चालत नाही, आतून काथ्याने घासावी लागते, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि सुकल्यावरही महिनोन्महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. आरोग्य खातं याला ‘कोरडा दिवस’ म्हणतं. गावात तो पाळून घ्यायला मला वर्षानुवर्षं घरोघर फिरावं लागलं. जेटीवर मात्र तो आपला आपण पाळता येतो.

गप्पी माशांबद्दल गरवणारे हटकून विचारतात. आमच्या केंद्रात गप्पीची टाकी होती, मीच सांभाळायचो. विहीर, हौद, शेततळं अशा बंद पाण्यात गप्पी सोडावेत, अळ्या चटाचट खातात. पण नदीत, ओढ्यात, कोंडीत कधीही सोडू नका. तो परदेशी मासा आहे, भराभर वाढतो आणि आपल्या माशांच्या पिल्लांच्या मुळावर येतो. गंबूसिया हा अळ्या खाणारा दुसरा परदेशी मासा तर त्याहून खादाड. आपल्या कोंडीत डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला बोटाएवढा मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरताना दिसेल. तो अळ्या खाणाराच आहे आणि इथलाच आहे. त्याला गरीच्या आमिषासाठी धरू नये, एवढी माझी विनंती.

अंगावर काय, आणि हाताला काय

कापड सैल, फिकट रंगाचं आणि पूर्ण अंगभर. अंगाला घट्ट बसणारे, लवकर सुकणारे टी-शर्ट आता सगळे घालतात, पण ताणलेल्या पातळ कापडातून डासाची सोंड सहज आत जाते. माझ्या खांद्यावर तशा शर्टातून रांगेने चावे उठले, तेव्हापासून मी जुना सुती सदरा, एक माप मोठा, वापरतो. घाम त्यात बरा टिपला जातो. काळा आणि गडद निळा टाळा, डास गडद रंगाकडे ओढला जातो. मानेभोवती पंचा.

सगळ्यात दुर्लक्षित जागा घोट्याची. आपण जेटीच्या कडेला पाय सोडून बसतो, लेंगा वर सरकतो, आणि एडिसला नेमके घोटे आणि पिंढऱ्या आवडतात. सुती मोजे घाला आणि लेंग्याची टोकं त्यांत खोचा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून पोरं ऐकत नाहीत. त्यांच्या घोट्यांवरचे ठिपके मोजून दाखवले की ऐकतात.

मलमाचं सांगतो. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या ओडोमॉससारख्या मलमात एन-एन-डायइथिल बेन्झामाइड असतं. ते चालतं, फक्त घाम आणि पाण्याचे शिंतोडे यांनी लवकर जातं, म्हणून दर दोन-अडीच तासांनी पुन्हा लावावं. डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मिळालं तर डब्यावरचा आकडा वाचा. १० टक्क्यांचं साधारण दोन तास टिकतं, २० ते ३० टक्क्यांचं चार-पाच तास किंवा जास्त. ५० टक्क्यांच्या वर गेल्याने फार काही पदरात पडत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट लावायचं नाही. पोरांना मोठ्यांनी आपल्या हाताने लावावं, त्यांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ लावू नये. उन्हाचं मलम लावणार असाल तर ते आधी, डासाचं त्यावर.

गरवणाऱ्यासाठी डीटची एक खोड आहे, ती डब्यावर ठळक लिहिलेली नसते. ते काही प्रकारचं प्लॅस्टिक विरघळवतं. पुतण्याने परदेशातून आणलेली बाटली मी पहिल्यांदा वापरली तेव्हा हात न पुसताच आमिषाच्या रबरी माशांचा डबा उघडला. चार दिवसांनी बघतो तर तीन मासे एकमेकांना चिकटून गोळा झालेले, आणि चष्म्याच्या दांडीवर माझ्या बोटांचे ठसे उमटलेले. काठीवरच्या व्हर्निशलाही चिकटपणा आला होता. पिकारिडिन या दुसऱ्या रसायनाचं मिळालं तर ते घ्या, त्याने प्लॅस्टिकला काही होत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मलम बोटावर घ्यायचं नाही. डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूवर काढायचं आणि मनगटानेच दुसऱ्या हातावर, मानेवर, कानामागे, घोट्यावर फिरवायचं. तळहात आणि बोटांची टोकं कोरडी राहतात. आमिषाला वास लागत नाही, तंगूस आणि रील स्वच्छ, आणि भाकरी खाताना मलम पोटात जात नाही. हाताला लागलंच तर साबणाने धुवायचं, आणि ते पाणी जेटीवर ओतायचं, खाडीत नाही.

कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे: ते माशांना आणि कोळंबीला जहर आहे. अगदी थोडं पाण्यात गेलं तरी मारतं. कपड्याला लावायचं तर घरी लावा, पूर्ण सुकू द्या, अंगाच्या कातडीला थेट लावू नका, आणि तो कपडा घालून पाण्यात उतरू नका, नदीवर धुऊ नका. मी दोन वर्षं प्रतिनियुक्तीवर गडचिरोलीतल्या भामरागडला होतो, तिथे सरकारने वाटलेल्या औषधी मच्छरदाण्यांनी ओढ्यात मासे धरताना पाहिलंय. भूक असते, जाळं नसतं, मी त्या माणसांना दोष देणार नाही. पण त्या मच्छरदाणीतही याच जातीचं औषध असतं. तिने मासा धरला की बारीक पिल्लूसुद्धा सुटत नाही, पाण्यात औषध उतरतं, आणि रात्री पोरं उघडी झोपतात. मी त्यांच्याबरोबर बसून जुन्या तंगुसाची जाळी विणून दिली होती.

कासवछाप अगरबत्ती उघड्या जेटीवर फारशी कामाची नाही, वाऱ्याने धूर जातो. वारा अगदी पडला असेल तर पायाजवळ ठेवा, थोडा फरक पडतो. पण तंबूत किंवा होडीच्या बंद खोलीत कॉइल किंवा निखारे लावून कधीही झोपू नका, कोंडलेला धूर जीव घेतो. कडुलिंबाचं तेल, गवती चहाचं तेल तास-दीड तास चालतं, मग ओसरतं. मोबाइलवर आवाज काढून डास पळवणारं अ‍ॅप, लसूण खाणं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, याने काहीही होत नाही, पैसे घालवू नका.

रात्री मुक्कामाला राहणार असाल तर मलमावर विसंबू नका, मच्छरदाणी न्या. भामरागडला पर्लकोटा आणि इंद्रावतीच्या काठी मासेमारीला मुक्काम करणारी माणसं माझ्या टेबलावर यायची, तेव्हा स्लायडीत चंद्रकोरीच्या आकाराचे, फॅल्सिपेरम या मलेरियाच्या घातक जातीचे जंतू दिसायचे. कोकणातल्या स्लायडीत बहुतेक व्हायवॅक्स ही मलेरियाची दुसरी जात, तो अंग मोडून काढतो. फॅल्सिपेरम दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. गडचिरोलीच्या जंगलात किंवा महशीर माशासाठी ईशान्येकडच्या नद्यांवर जायचं असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाही ते ते ठरवतील. गोळ्या दिल्या तर परत आल्यावरही किती दिवस घ्यायच्या ते नीट विचारून घ्या, काही गोळ्या पुढचे चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात.

ताप आला तर

माझ्या गरीच्या डब्यात एक छोटी वही असते. तारीख, जागा, किती वाजता ते किती वाजेपर्यंत, वारा कसा, काय लागलं. बहुतेक जण माशांसाठी अशी वही ठेवतात. मी तिचा दुसरा उपयोग सांगतो.

ताप आला की मागे मोजा. डासाने दिलेला आजार लगेच दुसऱ्या दिवशी येत नाही. चिकुनगुनिया साधारण तीन ते सात दिवसांनी, डेंग्यू चार ते दहा दिवसांनी, मलेरिया नऊ-दहा दिवसांपासून दोन-अडीच आठवड्यांपर्यंत, आणि व्हायवॅक्स तर कधी कित्येक महिन्यांनी. काल गरवायला गेलात आणि आज ताप आला तर तो कालच्या डासाचा नाही. गेल्या आठवड्याचं, त्याच्या आधीच्या आठवड्याचं पान बघा. आणि ते पान डॉक्टरांना वाचून दाखवा. ‘कुठे गेला होतात’ असं विचारलं की लोक मुंबई-पुणे सांगतात, खाडीवर रोज संध्याकाळी बसतो हे कुणी सांगत नाही, त्यांना ते जाणं वाटतच नाही.

पावसाच्या पहिल्या सरीला चढणीचे मासे धरायला रात्री शेतात उतरला असाल तर तेही सांगा. अनवाणी पाय, बारीक जखमा आणि उंदराच्या मुताने नासलेलं पाणी, यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि सुरुवातीला तो डेंग्यूसारखाच दिसतो. त्याचं औषध वेगळं. (चढणीचे मासे अंड्यावर आलेले असतात. मी स्वतः ते धरणं कधीच सोडलंय.)

थंडी वाजून ताप आला की घरात पडून राहू नका, पहिल्या दिवशीच रक्त द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. मलेरियाची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या, नंतर दिलं तर जंतू सापडणं अवघड होतं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत, त्यानंतर आयजीएम. तोपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅकची सुई मागून घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं मानू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच, पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, झोपाळूपणा दिसला तर त्याच घटकेला मोठं रुग्णालय गाठा.

ताप असताना गरवायला येऊ नका. हे मी तुमच्यासाठी सांगतोय तसंच शेजारी बसणाऱ्यासाठीही. डेंग्यूत पहिले चार-पाच दिवस तुमच्या रक्तात विषाणू भरलेला असतो. एडिसला एका माणसाकडे पोट भरून रक्त मिळालं नाही तर तो लगेच दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जातो. आज तुमच्याकडून विषाणू घेतलेला डास आठ-दहा दिवसांनी त्या जेटीवर बसणाऱ्या रांगेत फिरायला लागतो. घरीही दिवसा मच्छरदाणीत झोपा.

शेवटची गोष्ट व्हायवॅक्सची, कारण ती मी स्वतः भोगली आहे. एका वर्षी सप्टेंबरात माझीच स्लायड मी बघितली आणि मीच पॉझिटिव्ह लिहिलं. डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन दिलं. ताप तिसऱ्या दिवशी गेला. पाचव्या दिवशी पोटात जळजळ झाली आणि मी प्रायमाक्विन सोडलं, लोकांना इतकी वर्षं समजावत आलो असूनही. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, झोपलेल्यांना प्रायमाक्विनच मारतं. डिसेंबरात, खाडीवर महिनाभर पाऊलही न टाकता, मला पुन्हा तीच थंडी भरली. बायकोने तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दुसऱ्या वेळी सगळ्या गोळ्या घेतल्या, जेवणावर, उपाशीपोटी नाही. जळजळ कमी झाली. (गरोदर बाईने आणि तान्ह्या बाळाने ही गोळी घ्यायची नाही. घेत असताना लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून तडक डॉक्टरांकडे जायचं.)

गेल्या वर्षी माझा गरवण्यातला सोबती, विजयदुर्गाकडचा गाबीत मच्छीमार, व्हायवॅक्सने पडला. चौथ्या दिवशी ठणठणीत होऊन काठी घेऊन जेटीवर हजर.

‘‘डॉक्टरानु, ताप गेलो मा? आता गोळये कित्याक?’’

मी त्याला डिसेंबरातल्या तीन गोधड्या सांगितल्या. ऐकून गप्प झाला. मग आम्ही ठरवलं, रोज संध्याकाळी त्याने घरून जेवून यायचं, गोळी माझ्यासमोर घ्यायची, मग गरी टाकायची. वहीत माशांच्या रकान्याशेजारी मी त्याच्या गोळ्यांचा रकाना आखला. सातव्या दिवशी तो आला नाही, तर मी पाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो, पाऊस होता म्हणून थांबला होता बिचारा. चौदाव्या दिवशी खारा वारा पडायच्या आत त्याने शेवटची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेतली, रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं, लेंग्याची टोकं मोज्यांत खोचली आणि कोळंबी लावायला बसला. त्या संध्याकाळच्या पानावर एक तांबोशी आहे, दीड किलोची, त्याच्या गरीला.